मोहाला खुर्ची कोण देतो?

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांच्या मेळाव्यांत एक वाक्य हमखास कानी येते. गणेशोत्सवाचा मंडप असो, कोजागिरीचे दूध असो की कुणाच्या सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ असो, बोलण्याला जरा रंग चढला की कोणीतरी म्हणतो, “काही म्हणा, आपण मराठी माणसे कुणाच्या पैशाला शिवलो नाही.” आजूबाजूची मंडळी माना डोलावतात. हे वाक्य पुष्कळदा खरे असते, आणि म्हणूनच आम्हांस त्याच्याशी भांडायचे आहे. खोट्या वाक्याचा समाचार घ्यावयास वर्तमानपत्रे आणि न्यायालये समर्थ आहेत. खऱ्या वाक्याच्या आडोशाने जे चालते त्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

आम्ही ख्रिस्ती आहोत आणि हा वाद ख्रिस्ती दृष्टीनेच मांडणार आहोत. बहुतेक वाचकांचा धर्म निराळा आहे हे आम्ही जाणतो. त्यांनी आमच्या देवळात यावे असा या लेखाचा हेतू नाही. परंतु मोहाविषयी आमच्या परंपरेत जो विचार झाला, त्यातील काही भाग जणू सरकारी कचेरी डोळ्यांपुढे ठेवूनच केलेला आहे असे आम्हांस वारंवार वाटत आले आहे. तो तुमच्या पुढे ठेवण्यात संकोच कसला?

लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेस गेलेल्या दोघांचा दृष्टान्त आहे. पहिला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा गृहस्थ. आपण इतरांसारखे लुबाडणारे, अन्यायी, व्यभिचारी नाही याबद्दल तो देवाचे आभार मानतो, आठवड्यातून दोनदा करीत असलेल्या उपासाचा आणि उत्पन्नातून देत असलेल्या दशांशाचा हिशेब सांगतो. दुसरा जकातदार. तो दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दयेची याचना करतो. येशूने परूश्याला खोटारडा म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे. त्याचा हिशेब बरोबर असेलही. तरीही देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच. आणि आमच्या वाचकांना हेही सांगितले पाहिजे की, त्या दोघांत महसुलाशी संबंध होता तोही दुसऱ्याचाच. निरोपसमारंभातील आमचे वाक्य हे पहिल्याच्या तोंडचे आहे. फरक इतकाच की त्याने ते निदान देवापुढे उच्चारले. आम्ही ते बटाटेवडा खाता खाता एकमेकांना ऐकवतो.

या वाक्याच्या मुळाशी एक समजूत आहे. मोह म्हणजे एखाद्या दिवशी समोर येऊन उभा राहणारा मोठा प्रसंग, आणि मनोबल असलेला माणूस त्याला परतवून लावतो, अशी ती समजूत. पाकीट पुढे सरकवले गेले, आपण ते मागे सरकवले, परीक्षा उत्तीर्ण! आणि परीक्षा हा तर आमच्या शिकलेल्या मराठी माणसाचा जिव्हाळ्याचा विषय. शालान्त परीक्षा, पदवी परीक्षा, स्पर्धा परीक्षा, खात्याची परीक्षा, अशी त्याची सारी चढण परीक्षांच्या पायऱ्यांनी झालेली असते. परीक्षा म्हटली की त्याला भीती वाटत नाही, स्फुरण चढते.

आता ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना पाहा. जगभरचे ख्रिस्ती लोक ती रोज म्हणतात. तिच्या अखेरच्या भागात जे मागणे आहे त्यातील मूळ ग्रीक शब्दाला मोह आणि कसोटी असे दोन्ही अर्थ आहेत, आणि मराठी शास्त्राच्या प्रचलित भाषान्तरात त्यासाठी ‘परीक्षा’ हाच शब्द योजला आहे. मागणे असे की, देवाने आम्हांला तेथे नेऊच नये. परीक्षेत यश दे, असे तेथे मागितलेले नाही. परीक्षेला बसवू नको, असे मागितले आहे. स्पर्धा परीक्षेत पहिल्या शंभरांत आलेल्या माणसाला ही प्रार्थना अपमानकारक वाटली तर आम्हांस नवल वाटणार नाही. तिचा अर्थच मुळी असा आहे की, मागणारा स्वतःला नापास होण्याजोगा समजतो.

या मागण्याच्या शब्दांवरून अलीकडे युरोपात बराच खल झाला. देव स्वतः माणसाला मोहात नेतो असा समज होऊ नये म्हणून फ्रान्समधील कॅथलिकांनी २०१७ मध्ये आपल्या भाषेतील शब्द बदलले. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच वर्षी तो विचार उचलून धरला आणि २०२० पासून इटालियन उपासनाग्रंथात नवे शब्द आले. देव कोणाला मोहात पाडत नाही हे याकोबाच्या पत्रात पूर्वीच स्पष्ट सांगितलेले आहे, तेव्हा या वादात आम्ही शिरत नाही. शब्द कोणतेही घ्या, मागणाऱ्याचा दुबळेपणा त्यात कायमच राहतो. आमचा मुद्दा तेवढाच आहे.

आमच्या ओळखीच्या अनेक सज्जन अधिकाऱ्यांचे वर्तन याच्या नेमके उलट असते. कंत्राटदाराने दिलेल्या मेजवानीला ते जातात, कारण जाऊनही आपण बधत नाही हे त्यांना दाखवायचे असते. दिवाळीतला मिठाईचा पुडा ते ठेवून घेतात, कारण मिठाईने विकला जाणारा माणूस आपण नव्हे अशी त्यांची खात्री असते. त्यांना कोणी नियमाची आठवण दिली तर तोही त्यांना पाठ असतो. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम १९६४ चे. त्यांतील तेराव्या नियमाखाली एक टीप आहे की, प्रसंगवशात घेतलेले जेवण, वाटेत मिळालेली गाडीतील जागा किंवा असेच सामाजिक आदरातिथ्य ही भेटवस्तू समजू नये. ती टीप आमचे मित्र तोंडपाठ म्हणून दाखवतात. तिच्या लगेच खाली दुसरी टीप आहे. ज्यांचा आपल्याशी सरकारी कामाचा संबंध येतो अशांकडील थाटाचे अथवा वारंवारचे आदरातिथ्य टाळावे, असे ती सांगते. ती मात्र त्यांच्या स्मरणात राहत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. अरण्यात चाळीस दिवस उपास केलेल्या येशूकडे सैतान आला, तेव्हा त्याने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याची सूचना केली आणि तिला शास्त्राधार दिला. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे वचन त्याने एक्याण्णवाव्या स्तोत्रातून काढले. त्या वचनात ‘तुझ्या सर्व मार्गांत’ अशा अर्थाचे जे शब्द आहेत ते त्याने गाळले. आणि सिंह व सर्प यांना तुडवण्याचे जे वचन लगेच पुढे येते तेथवर तर तो गेलाच नाही. सोयीच्या ओळीपाशी थांबणे ही कला सैतानालाही अवगत होती. मोह नियमपुस्तिका फाडून येत नाही. तो ती हातात घेऊन, योग्य पानावर खूण घालून येतो.

येशूने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. त्याने लांबलचक वाद घातला नाही. तिन्ही वेळी अनुवाद या ग्रंथातील एकेक वचन सांगून तो मोकळा झाला. उडी टाकून आपले सामर्थ्य सिद्ध करण्याची संधी असताना त्याने ती टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढेच म्हटले. मोहावर विजय मिळवल्याची जी सर्वांत प्रसिद्ध कथा आमच्याजवळ आहे, तिचा नायक बळ दाखवण्याचेच नाकारतो. मेजवानीला जाऊन न बधणारे आमचे अधिकारी मात्र रोज शिखरावरून उडी टाकतात आणि आजवर पाय मोडला नाही याचे श्रेय स्वतःच्या हाडांना देतात.

मोह मोठ्या प्रसंगाच्या आधी, मनात उठणाऱ्या क्षुल्लक विचाराच्या रूपाने येतो, हे ज्यांनी बारकाईने पाहिले त्यांत एवाग्रियस या चौथ्या शतकातील तपस्व्याचे स्थान वरचे आहे. त्याचे पूर्वचरित्र आमच्या वाचकांना परके वाटू नये. राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे तो मोठ्या धर्माधिकारपदावर होता, वादविवादात निष्णात होता, वर चढत होता. तेथे एका उच्चपदस्थाच्या पत्नीशी त्याचे मन गुंतले. आपल्याला अटक झाली असून शहर सोडण्याची शपथ आपण घेतली आहे, असे त्याला स्वप्नवत दर्शन झाले. शपथ स्वप्नातली असली तरी ती शपथच, असे म्हणून तो जहाजात बसला आणि निघून गेला. राजधानीत राहून मनोनिग्रह सिद्ध करून दाखवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. यरुशलेमात काही काळ त्याचे मन पुन्हा दोलायमान झाले. पण पुढे इजिप्तच्या वाळवंटात त्याने सुमारे सोळा वर्षे काढली, ग्रंथांच्या नकला करून पोट भरले, आणि ३९९ मध्ये तो तेथेच वारला.

आपल्याकडे षड्रिपू, तसे त्याने आठ ‘विचार’ सांगितले: खादाडपणा, काम, लोभ, खिन्नता, क्रोध, उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. पण त्याने त्यांना शत्रू म्हणण्याआधी विचार म्हटले, यात आम्हांस त्याची खरी दृष्टी दिसते. शत्रू म्हटला की तो तटाबाहेर आहे असे वाटते आणि आपण तलवार परजत बसतो. विचार हा भेटीला आलेल्या माणसासारखा असतो. तो येणे न येणे आपल्या हाती नाही. त्याने किती वेळ बसायचे ते आपल्या हाती आहे, असे एवाग्रियसचे म्हणणे. मनाच्या दारावर द्वारपाल व्हा आणि आलेल्या प्रत्येकाला विचारा की तू आमच्यापैकी की पलीकडच्यांपैकी, असेही तो एका पत्रात सुचवतो. ज्यांच्या दाराशी पट्टेवाला बसतो आणि चिठ्ठी आत गेल्याशिवाय कोणाला प्रवेश मिळत नाही, त्यांना हे निराळे समजावून सांगायला हवे काय? कचेरीत खुर्ची कोणाला द्यायची आणि कोणाला उभ्याउभ्याच वाटेला लावायचे हे ज्यांना नेमके कळते, ते आपल्या मनात मात्र कोणालाही टेकू देतात.

मनाला उलट उत्तर देण्यासाठी एवाग्रियसने एक स्वतंत्र ग्रंथच रचला. आठ विचारांचे आठ भाग, आणि त्यांत शास्त्रातील चारशेहून अधिक वचने. समर्थांनी मनाला उद्देशून श्लोक रचले त्या मराठी मुलखातील वाचकांना ही कल्पना अपरिचित नाही. मनाशी बोलावे लागते, आणि वेळीच बोलावे लागते, हे दोन्हीकडे ठाऊक होते.

लोभाचे त्याने केलेले वर्णन वाचून आम्ही चकित झालो. सोन्याची रास त्यात नाहीच. लांबलेले म्हातारपण, काम न होणारे हात, येऊ घातलेले दुष्काळ आणि आजार, दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज, ही चित्रे लोभ डोळ्यांपुढे आणतो, असे तो म्हणतो. म्हणजे लोभ दूरदृष्टीचा वेष घेऊन येतो. पुण्यात एक घर, मुलीचे शिक्षण, आईचे औषधपाणी, यांत पाप कोठले? कोठेच नाही. म्हणूनच तर पट्टेवाला त्याला अडवीत नाही.

पण ज्या विचारासाठी आम्ही एवाग्रियसला येथवर आणले तो उबगाचा. त्याला तो सर्वांत जड म्हणतो. हा विचार दिवसाच्या चौथ्या प्रहरतासाला येतो आणि आठव्यापर्यंत ठाण मांडतो. आजच्या घड्याळाने सकाळी दहा ते दुपारी दोन. कचेरीची वेळच ही! सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे त्या तपस्व्याला वाटू लागते. तो पुनःपुन्हा खिडकीशी जातो, सूर्य कोठवर आला ते पाहतो, कोणी भेटीस येत आहे काय म्हणून बाहेर डोकावतो. मग त्याला त्या जागेचा तिटकारा येतो, त्या जीवनक्रमाचा, हातातल्या कामाचा तिटकारा येतो. येथील माणसांत प्रेम उरले नाही, धीर द्यायला कोणी नाही, असे वाटते. अलीकडे कोणी दुखावले असेल तर तेही आठवते. दुसरी एक जागा डोळ्यांपुढे येते; तेथे सारे सहज मिळते, काम हलके आहे, आणि देवाची सेवा काय कोठेही करता येते. पाठोपाठ घरची माणसे आणि जुने दिवस आठवतात.

वाचकहो, हे बदलीच्या अर्जाचे टिपण नव्हे काय? गुवाहाटीला पाठवलेला, रायपूरला पाठवलेला, चेन्नईला पाठवलेला आमचा मराठी अधिकारी खिडकीऐवजी मोबाईल पाहतो, एवढाच फरक. येथील हवा सोसत नाही, येथील जेवण उतरत नाही, येथील लोकांना कामाची शिस्त नाही; मुंबईला प्रतिनियुक्ती मिळाली असती तर आपण काय करून दाखवले असते! तीन वर्षे राहून तेथील भाषेची दहा वाक्ये तो शिकत नाही, कारण शिकणे म्हणजे राहणे मान्य करणे. उबगाला सर्रास आळस म्हणतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने आठांचे सात केले तेव्हा उबग खिन्नतेत मिसळून गेला आणि पुढच्या याद्यांत तो आळसाच्या नावाने आला; तेव्हापासून हा गैरसमज चालत आला आहे. उबगलेला माणूस आळशी असतोच असे नाही. तो बैठका घेतो, दौरे काढतो, मंडळाचे नाटक बसवतो. फक्त समोरच्या फाईलमध्ये त्याचे मन नसते.

आणि येथे त्या निरोपसमारंभातील वाक्याचा खरा हिशेब निघतो. संथानम समिती १९६२ मध्ये नेमली गेली आणि १९६४ मध्ये तिने अहवाल दिला; केंद्रीय दक्षता आयोग त्यातूनच उभा राहिला. त्या समितीने ‘स्पीड मनी’ या प्रकारावर बोट ठेवले होते. हा पैसा बेकायदा काम करून घेण्यासाठी दिलेला नसतो; कायदेशीर काम लवकर व्हावे म्हणून दिलेला असतो. विलंब हीच येथे विक्रीची वस्तू आहे. आता विचार करा, हा माल तयार कोण करतो? विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाईल स्वच्छ हातांच्या साहेबांच्या टेबलावर सहा आठवडे पडून राहते. साहेब एक पैसा घेत नाहीत. पण बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी त्या बाईला सांगतो की साहेबांपर्यंत कागद पोचवण्याची एक वाट आहे, आणि त्या वाटेचा दर सांगतो. साहेबांच्या उबगाला बाजारभाव मिळतो आणि तो दुसऱ्याच्या खिशात जातो. संध्याकाळी साहेब मंडळात येऊन सांगतात की आपण कुणाच्या पैशाला शिवलो नाही. त्या बाईला शिवला तो पैसा कोणाचा होता?

कोणी म्हणेल, वाळवंटातल्या बैराग्यांचे दाखले संसारी माणसाला कशाला? आक्षेप चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर फार जवळ आहे. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते हलून गेले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रवचनात खून करू नये इतकेच सांगून येशू थांबत नाही, रागापाशी येतो. व्यभिचारापाशी न थांबता नजरेपाशी येतो. ते वाळवंटातील तपस्व्यांना सांगितलेले नव्हते. कोळी, शेतकरी, बायाबापड्या डोंगरावर ऐकायला बसल्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: तुम्हां ख्रिस्ती लोकांत काय मोठी शुद्धता आहे? काही नाही. आमच्या विश्वस्तांची भांडणे न्यायालयांत जातात आणि तेथे वर्षानुवर्षे राहतात. आम्ही ही प्रार्थना दर रविवारी एका सुरात म्हणतो आणि सोमवारी परीक्षेला जाऊन बसतो. पण औषध न घेणाऱ्या रोग्याकडे बोट दाखवून औषध खोटे ठरत नाही, आणि आमच्या नालायकीने तुमच्या टेबलावरची फाईलही पुढे सरकत नाही.

मग करायचे काय, असे विचारणाऱ्यास आमच्याजवळ भव्य असे काही नाही. ज्याचे काम आपल्याकडे आहे त्याला एकट्याने भेटू नये, दुसरा कोणी खोलीत असावा. पुडा आला त्याच दिवशी परत जावा. रात्रभर घरात राहिलेला पुडा परत करणे कठीण जाते, हे गृहिणींना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. फाईलवर आली तेव्हाची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहावी. जेथे आहोत तेथील भाषा शिकावी. वाळवंटातील मंडळी मनात आलेला विचार वडीलधाऱ्याला जाऊन सांगत असत, कारण सांगितलेला विचार बसून राहत नाही. परमुलखात असा एक माणूस शोधावा. मनोबलावर विसंबणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. आपण घसरू शकतो असे ज्याला मनापासून वाटते तोच अशा बारीकसारीक तजविजी करतो.

बाप्तिस्मा करणारा योहान हा अरण्यात राहणारा, टोळ आणि रानमध खाणारा, तोंडाचा अत्यंत तिखट माणूस. त्याच्याकडे जकातदार आले आणि आम्ही काय करावे म्हणून विचारू लागले. नोकरी सोडा, माझ्याबरोबर अरण्यात या, असे तो म्हणेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. त्याने सांगितले ते इतकेच की, ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका. शिपाई आले, त्यांनाही त्याने जुलूम करू नका आणि पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. पुढे यरीहोच्या जक्कयाने, तो तर जकातदारांचा मुख्य, येशूच्या भेटीनंतर अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले; त्याची जागा सुटल्याचा उल्लेख लूक करीत नाही. योहानाकडे आलेले ते जकातदार आपापल्या नाक्यांवर परत गेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पहिली गाडी नाक्यावर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी किती मागितले, हे लूकने लिहिलेले नाही.